सोलापूर: अभ्यासिकेच्या सहा जुन्या कॉम्प्युटरांसाठी बूटेबल पेनड्राइव्ह, मदत हवी आहे

विडीघरकुल | शनिवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात कुंभारीकडच्या विडी घरकुलात मुलांसाठी छोटी अभ्यासिका चालवते. वेळ रोज संध्याकाळी सहा ते नऊ. येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर गवंड्याच्या हाताखाली. गेल्या महिन्यात एका कार्यालयाने जुने कॉम्प्युटर बदलले आणि त्यातले सहा आम्हाला दिले. सगळे डेस्कटॉप, चौथ्या पिढीचे आय ३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. वर विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी ही मशीनं पात्र नाहीत असा संदेश येतो.

एका दुकानात विचारलं. मशीनमागे पाचशे रुपये सांगितले, वर म्हणाले, "मॅडम, ११ टाकून देतो, क्रॅक मारून." पैशाचं जमवता आलं असतं. पण ज्या मुलांना मी परीक्षेत कॉपी करू नका म्हणते, त्यांच्यासमोर चोरीचं सॉफ्टवेअर लावायला माझं मन घेत नाही.

म्हणून लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये बांधलेली असते ती) उतरवली आणि १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली. वाटलं, झाला पेनड्राइव्ह बूटेबल, आता मशीन त्यावरूनच सुरू होईल. मशीन चालू करून एफ १२ दाबलं, यादीत पेनड्राइव्हचं नाव आलं, निवडलं. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत राहते, पुढे काहीच नाही. तीन संध्याकाळी यातच गेल्या. पेनड्राइव्ह खराब आहे का? की मशीन?

---

होटगीरोड | रात्री १०.०५

ताई, नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवा, त्यात आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

---

जॉबरचा_मुलगा | रात्री ११.२०

होटगीरोड यांनी उपाय बरोबर सांगितलाय. पण ताई मुलांना शिकवतात, तेव्हा "का" हेही सांगतो, उद्या एखादं पोर विचारणारच.

माझे वडील पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. मी आता चादरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. जुन्या जेकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ फिरते, हे आपल्याकडं लहानपणापासून बघितलेलं असतं. जिथं भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून धोटा जातो. एक पुठ्ठा म्हणजे चादरीची एक आडवी ओळ. मागाला वाघ ठाऊक नाही की मोर ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं की समोर जो पुठ्ठा येईल त्याची भोकं वाचायची. आता तुम्ही त्या पुठ्ठ्यांची चळत दोरीनं बांधून मागाच्या डोक्यावर नुसती ठेवून दिलीत, तर एक ओळ तरी विणली जाईल का?

आयएसओ फाइल म्हणजे ती बांधलेली चळत. मशीन चालू झाल्यावर बोर्डावरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम, म्हणजे बायोस किंवा त्याच्या पुढचं यूईएफआय, पहिला पुठ्ठा ठरलेल्या जागी शोधतो. जुना बायोस डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलतो आणि त्यात लिहिलेलं चालवायला लागतो. यूईएफआय जरा शहाणं असतं. ते पेनड्राइव्हवरचं फॅट प्रकारचं पार्टिशन, म्हणजे कप्पा, उघडतं, त्यात ईएफआय नावाचा फोल्डर, त्याच्या आत बूट नावाचा फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल हुडकतं. तुमच्या पेनड्राइव्हवर यातलं काहीच जागेवर नाही, सगळं त्या एका फाइलच्या पोटात आहे. ती उघडून आतला माल मांडण्याची अक्कल त्या चिपमध्ये नसते. रेघ लुकलुकते ती त्यामुळं. मशीन आणि पेनड्राइव्ह बहुतेक दोन्ही ठणठणीत असतील.

रुफस नेमकं हेच करतं: चळत सोडून पहिल्यापासून शेवटपर्यंत माळ ओवून देतं.

आता कृती. ज्या विंडोज मशीनवर रुफस चालवाल तिथं दुसरे सगळे पेनड्राइव्ह, मोबाइल, कार्ड रीडर काढून ठेवा. पेनड्राइव्ह ८ जीबीचा असला तरी पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे गृहीत धरा. रुफस बसवावंही लागत नाही, उतरवलेली फाइल थेट चालते. वर डिव्हाइसमध्ये पेनड्राइव्हचं नाव आणि आकार दिसतो, तो डोळ्यांनी वाचा. बूट सिलेक्शनसमोरच्या सिलेक्ट बटणातून आयएसओ द्या. पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा, म्हणजे मिंटचा हा पेनड्राइव्ह जुन्या बायोसवर आणि यूईएफआयवर दोन्हीकडं चालेल. बाकी जसं आहे तसं राहू द्या. स्टार्ट दाबल्यावर आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारेल, आयएसओ मोडच ठेवा. हिरवी पट्टी भरून रेडी दिसलं की संपलं.

पण हे करायच्या आधी एक काम आहे. हॉटस्पॉटवरून उतरवलेली फाइल पूर्ण आणि धड आहे का ते तपासा. मिंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक आयएसओसोबत एसएचए २५६ बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, दिलेली असते, ६४ अक्षरांची. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल नावाचं साधन आधीपासून असतं. त्याला हॅशफाइल हा पर्याय द्या, पुढं फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए २५६. येणारी अक्षरं संकेतस्थळावरच्या अक्षरांशी जुळली पाहिजेत. एक जरी वेगळं असलं तर ती फाइल वापरू नका.

---

बाळीवेस | रविवार, सकाळी ७.४०

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. "डोळ्यांनी वाचा" हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावा.

तीन वर्षांपूर्वी मी उबुंटूवरून (तेही एक लिनक्सच) पेनड्राइव्ह करत होतो. टर्मिनलमध्ये डीडी ही, फाइल जशीच्या तशी डिस्कवर लिहिणारी, आज्ञा देताना कुठं लिहायचं ते एका अक्षरानं सांगावं लागतं: एसडीबी, एसडीसी असं. आदल्या दिवशी पेनड्राइव्ह एसडीबी होता. त्या दिवशी बाहेरची हार्ड डिस्क आधी जोडलेली होती, म्हणून एसडीबी ती झाली आणि पेनड्राइव्ह एसडीसी. मी कालचीच आज्ञा वरच्या बाणानं आणून एंटर मारला. डीडी काही विचारत नाही. "खात्री आहे का?" असा प्रश्नच येत नाही. दोन मिनिटं झाली तरी पेनड्राइव्हचा दिवा का लुकलुकत नाही म्हणून बघितलं, आणि हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकताना दिसला.

त्या डिस्कवर माझ्या ताईच्या लग्नापासूनचे फोटो होते, आणि आजोबांना सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसमोर उभं करून काढलेला शेवटचा फोटो. मी तिथेच खाली बसलो.

पुढं काय केलं तेही सांगतो, कुणाला उपयोग होईल. पहिली गोष्ट, त्या डिस्कवर त्यानंतर एक अक्षरसुद्धा लिहिलं नाही. आयएसओनं सुरुवातीचा भाग पुसला होता, बाकीचा माल डिस्कवर तसाच होता, फक्त कुठं काय आहे याची यादी गेली होती. फोटोरेक नावाचं फुकट साधन आहे, ते यादीकडं न बघता फोटोच्या फाइलच्या खुणा शोधत अख्खी डिस्क चाळतं. सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं. रात्रभर चाललं. बरेच फोटो मिळाले, पण नावं आणि तारखांचे फोल्डर गेले, सगळ्यांना नुसते आकडे. आई आणि मी दोन महिने बसून ते लावत होतो. आजोबांचा तो फोटो मिळाला नाही.

तेव्हापासून लिहिण्याआधी एलएसबीएलके ही, जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी, आज्ञा चालवून आकार बघतो. १४.९ जी म्हणजे १६ जीबीचा पेनड्राइव्ह. आकार बघितल्याशिवाय एंटर मारायचा नाही.

---

होटगीरोड | सकाळी ८.१५

बाळीवेस, वाचून गलबललं. ताई, तुम्ही रुफसच वापरा. ते बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्क मुळात यादीत दाखवतच नाही, वेगळी खूण केल्याशिवाय. ती खूण करू नका.

---

मास्तर_निवृत्त | सकाळी १०.३०

ताईंचं अभिनंदन. मी माध्यमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं, म्हणून एक वेगळी गोष्ट विचारतो. ती मशीनं ज्या कार्यालयातून आली, त्यांच्या डिस्कवर अजून काय काय आहे हे पाहिलंत का? लोकांचे अर्ज, आधारकार्डांच्या प्रती, बँक पासबुकांची पानं? तसं असेल तर ती कुणाच्या नजरेस पडता कामा नयेत.

---

विडीघरकुल | दुपारी १.१०

मास्तर, नमस्कार. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर लगेच जाऊन बघितलं. एका मशीनवर डेस्कटॉपवरच "स्कॅन" नावाचा फोल्डर आहे. उघडला आणि लगेच बंद केला. लोकांचे चेहरे, अंगठे, सह्या. मी काल त्याच मशीनवर मुलांना बसू देणार होते. त्या कार्यालयात फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे सगळ्याची प्रत आहे, तुम्ही खुशाल पुसा. लेखी मागून घेतलंय.

आणि जॉबरदादा, सर्टयुटिल चालवलं. अक्षरं जुळत नाहीत! पहिलंच अक्षर वेगळं. आकार बघितला तर संकेतस्थळावर जवळपास तीन जीबी लिहिलंय आणि माझी फाइल दोन जीबीसुद्धा नाही. मध्येच तुटली असणार.

---

जॉबरचा_मुलगा | दुपारी २.००

म्हणजे रुफसनं केलं असतं तरी अर्ध्यात अडकलं असतं. बरं झालं आधी कळलं.

हॉटस्पॉटवर असाल तर टॉरेंटची फाइल घ्या, मिंट अधिकृतपणे टॉरेंट देतं. टॉरेंट फाइलचे तुकडे करून आणतं, प्रत्येक तुकडा तपासून घेतं आणि लाइट गेली तरी राहिलेल्या जागेपासून पुढं सुरू होतं. झाल्यावर बेरीज पुन्हा बघाच.

४ जीबी रॅम आहे तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. सिनॅमन ही मिंटची मुख्य आवृत्ती चालेल, पण ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की दम लागेल. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, म्हणजे आत्ता पाचवीत असलेलं पोर आठवी पार करेपर्यंत तरी काळजी नाही.

मास्तरांच्या मुद्द्यावर: नुसतं नवीन सिस्टिम टाकल्यानं जुनं पुसलं जात नाही. बाळीवेस यांचे फोटो जसे परत आले, तसे ते अंगठे आणि सह्याही कुणी परत काढू शकेल. त्यामुळं आधी डिस्कवर शून्यं लिहा. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं की त्यात डिस्क्स नावाचा प्रोग्राम असतो. डावीकडं ५०० जीबीची डिस्क निवडा, मेनूतून फॉरमॅट डिस्क, आणि इरेजसमोर शून्यांनी भरण्याचा पर्याय घ्या. जुन्या फिरत्या डिस्कला दीड-दोन तास लागतील. आदल्या दिवशी संध्याकाळी लावून द्या. आणि इथंही तेच: पेनड्राइव्ह आहे की हार्ड डिस्क, आकार वाचून मगच.

---

पुण्यातला_सोलापूरकर | संध्याकाळी ४.४५

मी व्हेंटॉय सुचवेन. ते पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचं, मग त्यावर आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, अगदी तुम्ही पहिल्यांदा केली तशी. मशीन सुरू केलं की व्हेंटॉय स्वतःच यादी दाखवतं आणि निवडलेली आयएसओ चालवतं. एका पेनड्राइव्हवर मिंट, विंडोजची आयएसओ, डिस्क तपासायचं साधन, सगळं राहतं. माझ्या बॅगेत ३२ जीबीचा एक कायम असतो. दिवाळीत घरी आलो की गल्लीतले दोन-तीन कॉम्प्युटर वाट बघत असतातच.

सिक्युअर बूट (फक्त ओळखीची, सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी मशीनची सोय) चालू असेल तर पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर चावी नोंदवायला सांगतं, तिथं नवखा माणूस गोंधळतो, एवढंच. दुसरं, विंडोजच्या आयएसओसाठी बलेना एचर हे पेनड्राइव्ह करायचं साधन वापरू नका. लिनक्ससाठी ते छान आहे, पण विंडोजची आयएसओ त्यानं नीट बूट होत नाही. विंडोजच्या आयएसओत इन्स्टॉल डॉट विम ही फाइल ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ या पेनड्राइव्हच्या नेहमीच्या मांडणीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. रुफस ती अडचण एनटीएफएस या मोठ्या फाइली मावणाऱ्या मांडणीचं पार्टिशन आणि सोबत छोटं बूट पार्टिशन करून सोडवतं.

---

कडकभाकरी | संध्याकाळी ५.२०

हे सगळं वाचलं, पण रुफसमध्ये टीपीएम या सुरक्षा चिपची अट काढून विंडोज ११ टाकता येतं ना? मी माझ्या लॅपटॉपवर टाकलंय, सहा महिने झाले, मस्त चालतंय. मुलांना पुढं नोकरीत विंडोजच लागणार.

---

जॉबरचा_मुलगा | संध्याकाळी ६.१०

येतं. रुफस तसा पर्याय देतं, त्यात लपवाछपवी नाही. पण अपात्र मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर तुम्ही तो धोका जाणून घेतलाय. अभ्यासिकेत सहा मशीनं, सांभाळायला एक बाई, आणि एके दिवशी अपडेटनं मशीन अडलं तर मुलांचा आठवडा गेला. शिवाय ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क, त्यावर ११ रांगेल.

ज्यांना विंडोज १० वरच थांबायचंय त्यांच्यासाठी घरगुती वापराला वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तेवढ्यात पुढचा विचार करता येईल.

नोकरीचं म्हणाल तर मला वेगळं वाटतं. पोरांना फाइल कुठं ठेवतात, फोल्डर म्हणजे काय, स्प्रेडशीटमध्ये बेरीज कशी येते हे कळलं तर बटण डावीकडं आहे की उजवीकडं हे आठवड्यात जमतं. आमच्या कारखान्यात साध्या मागावर शिकलेले लोक इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर गेले, कारण कापड कसं बनतं हे त्यांना ठाऊक होतं.

---

मास्तर_निवृत्त | रात्री ८.००

मराठी टंकनाचं काय? मुलांनी निबंध मराठीत लिहायला हवेत.

---

पुण्यातला_सोलापूरकर | रात्री ८.२५

मास्तर, मिंटमध्ये मराठी कळफलक आधीपासून असतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांखाली मराठी इनस्क्रिप्ट मिळेल, आणि उच्चाराप्रमाणे टंकायचा कगप हाही आहे. बसवतानाही भाषा मराठी निवडता येते, मेनूसुद्धा बऱ्यापैकी मराठीत येतात. मुलांना सुरुवातीपासून इनस्क्रिप्ट शिकवा असं मी सांगेन: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि तीच बैठक हिंदी, कन्नड, तेलुगूलाही. सोलापुरात हे फार मोलाचं आहे. घरी तेलुगू बोलणारं पोर त्याच बोटांनी आजीला तेलुगूत चिठ्ठी लिहू शकेल.

छपाईवाल्यांसाठी एक इशारा: श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरवर पत्रिका करत असाल तर ते मिंटवर चालेल या भरवशावर विंडोज पुसू नका.

---

विडीघरकुल | मंगळवार, रात्री १०.१५

मंडळी, सांगते ते ऐका!

टॉरेंटने फाइल आली. बेरीज जुळली, सगळी ६४ अक्षरं. आठवीतल्या एका मुलीने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मी पडद्यावर बोट फिरवत गेले. रुफसने पेनड्राइव्ह केला, साधारण सात मिनिटं लागली.

पहिलं मशीन. एफ १२, पेनड्राइव्ह निवडला, मेनू आला, पहिला पर्याय, आणि मिंटचं हिरवं पान फुललं. मुलं जागेवरून उठून पडद्यापुढे गोळा झाली. अजून डिस्कला हात लावला नव्हता, सगळं पेनड्राइव्हवरूनच चालत होतं. आधी नेट, आवाज, माउस, छपाई सगळं तपासलं. वायफायचा छोटा डोंगल दोन मशीनवर ओळखला गेला नाही, तिथे केबल टाकावी लागेल.

मग डिस्क्समधून शून्यं लिहायला लावली आणि कुलूप लावून घरी गेले. दुसऱ्या दिवशी बसवायला घेतलं. भाषा, कळफलक, आणि मग "डिस्क पुसून बसवा" हा पर्याय आला, तिथे मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. बाळीवेसदादांचं आठवत होतं. डिस्कचा आकार वाचला, ५०० जीबी, आणि मगच पुढे गेले. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटांत एक मशीन तयार.

चार झाली. दोन अडलीत. पाचव्यावर बूट मेनूत पेनड्राइव्हच दिसत नाही. सहाव्यावर शून्यं लिहिताना मध्येच चूक दाखवून थांबतं, आणि डिस्क टक-टक वाजते.

---

जॉबरचा_मुलगा | रात्री १०.५०

वा, ताई! चार एका झटक्यात म्हणजे फार झालं.

पाचवं: पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टला लावलाय का? पुढचे पोर्ट वायरीनं बोर्डाला जोडलेले असतात, जुन्या मशीनमध्ये ती वायर सैल होते. मागच्या पोर्टला लावा, ते थेट बोर्डावर असतात. तरी दिसला नाही तर बायोसमध्ये जाऊन यूएसबी बूट चालू आहे का बघा, आणि कोपऱ्यातली तारीखही बघा. तारीख दहा-बारा वर्षांपूर्वीची दाखवत असेल तर बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी संपलीय. सीआर २०३२ मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की तुम्ही केलेली बायोसची सेटिंग वीज गेली की पुसली जाते, आणि चुकीच्या तारखेमुळं ब्राउझर निम्म्या संकेतस्थळांना असुरक्षित म्हणतो. ही गोष्ट पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही आणि ते नेटला दोष देत बसतात.

सहावं: टक-टक म्हणजे डिस्क मरायला टेकली. तिच्यावर काही बसवू नका. पण तिच्यावर लोकांची कागदपत्रं असू शकतात, म्हणून भंगारात देऊ नका. शून्यं पूर्ण लिहिली गेलेली नाहीत. मी उघडून आतल्या तबकड्या फोडून देतो. नवी छोटी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली चिपवाली डिस्क, टाका, १२० जीबीची पुरे. जुन्या मशीनवर पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडीवर घालावेत, मग रॅमवर.

---

कडकभाकरी | रात्री ११.०५

एसएसडी माझ्याकडून. लॅपटॉपमधली काढलेली २४० ची घरी पडून आहे, चांगली आहे. ताई, कुठं पोचवू?

---

होटगीरोड | बुधवार, सकाळी ९.००

कुणी जुन्या आयएसओनं करत असेल तर आणखी एक. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचा एक सुरक्षा अपडेट आला, त्यानंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या काही मशीनवर जुने लिनक्स पेनड्राइव्ह "शिम एसबॅट" असं काहीतरी लिहून बंद पडायला लागले. पडद्यावर सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन येतं. घाबरू नका, व्हायरस नाही. नवीन आयएसओ घ्या.

---

बाळीवेस | सकाळी ९.३०

आणि ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकायचंय त्यांनी बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) रिकव्हरी चावी कागदावर लिहून घ्या. ४८ आकडे असतात. सिक्युअर बूट बदलला की विंडोज ती चावी मागू शकतं आणि नसेल तर स्वतःच्याच डिस्कच्या दारात उभं राहावं लागतं. कागदावर म्हणजे कागदावर, त्याच लॅपटॉपवर नाही.

---

विडीघरकुल | शुक्रवार, रात्री ९.३०

पाचव्याला मागचं पोर्ट लागू पडलं. तारीखही चुकीची होती, १ जानेवारी २०१३. बॅटरी पंचवीस रुपयांना मिळाली.

आणि पाचवं मशीन मी नाही, त्या आठवीतल्या मुलीने बसवलं. मी फक्त शेजारी उभी होते. डिस्कचं पान आलं तेव्हा तिने माउसवरचा हात काढून घेतला, आकार मोठ्याने वाचला, माझ्याकडे बघितलं आणि मग पुढे दाबलं. तिची आई न्यायला आली होती, विड्यांचं सूप तसंच कडेवर. ती दारातच उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे तू केलंस?" मुलीने पेनड्राइव्ह काढून तिच्या तळहातावर ठेवला, म्हणाली, "ह्याच्यात हाय सगळं."

पेनड्राइव्हला आता चिकटपट्टी लावून "मिंट, पुसू नका" असं लिहिलंय आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलाय. शेजारच्या गल्लीतल्या एका भाऊंनी त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरसाठी मागितलाय. देऊ ना? आधी त्यांच्या हिशोबाच्या फाइली दुसरीकडे काढून घ्यायला सांगते.

कडकभाकरीदादा, अभ्यासिका सहाला उघडते. कुणालाही विडी घरकुलात विचारा, पाण्याच्या टाकीजवळची असं सांगा.

---

जॉबरचा_मुलगा | रात्री ९.५०

द्या की. आणि आयएसओची मूळ फाइल वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. त्यांनी परत आणून दिल्यावर त्या फाइलची बेरीज पुन्हा एकदा त्या पोरीकडूनच तपासून घ्या आणि रुफसनं पेनड्राइव्ह नव्यानं करा.

रविवारी सकाळी मी येतो, कडकभाकरींना सोबत घेतो. येताना स्क्रू ड्रायव्हर, एसएसडीची साटा केबल आणि कारखान्यातून जुन्या जेकार्डचे दहा-बारा पुठ्ठे आणतो. पोरांना हातात धरून बघू द्या.